काकाचा वळणदार ओढा

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र कॅनडाला गेला आणि ओढे वाकडे करू लागला. दुबईत जबल अलीच्या ऑफिसात आम्ही दोघं पावसाच्या पाण्याचे नाले आखायचो, सरळ, काँक्रीटचे, पाणी झटपट समुद्रात जावं असे. तिकडे कुणीतरी पूर्वी असाच सरळ करून टाकलेला ओढा तो पुन्हा वळणांचा करत होता. काठ उतरते करायचे, पूर कुरणात पसरू द्यायचा, पात्रात ओंडके टाकायचे. का, तर सॅमन मासे अंडी घालायला परत यावेत म्हणून.

"म्हणजे आपला रावसच की," बायको म्हणाली.

मुलगी बारावीत होती. "बाबा, अंकल मेक्स रिव्हर्स. यू मेक ड्रेन्स," ती सहज बोलून गेली. मला ते लागलं. मी त्याच्याहून चार वर्षांनी सीनियर, काम त्याला मी शिकवलेलं. आणि पुढे काय शिकावं हे ती त्याला विचारत होती.

एका रविवारी शारजात, अल मजाजच्या आमच्या घरात, हॉलमध्ये तो तिला व्हिडिओ कॉलवर नकाशे दाखवत होता. मी मागे उभा. नकाशात ओढा एका शेतरस्त्याखालून पाईपमधून जात होता आणि पाईपचं खालचं तोंड ओढ्याच्या तळापासून चाळीस सेंटिमीटर वर होतं. इथे आम्ही तसंच ठेवतो, वाळूने बुजू नये म्हणून. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

"हबीबी, माशाचं बोटभर पिल्लू तिथून वर कसं चढणार? शिडी लावून?"

त्याने नकाशा मोठा करून पाहिला. मुलगी वळून माझ्याकडे बघू लागली. मग तो हसत सुटला. "अरे भल्या माणसा, 'पाईप वर घे, पाईप वर घे' म्हणून ही सवय तूच लावलीस! बरं झालं, अजून खोदलेलं नाही. तळाच्या खाली बसवतो."

"सो इट वॉज युवर मिस्टेक, बाबा!"

पुढच्या शरदात त्याने व्हिडिओ पाठवला. एक लालसर मासा पाईपच्या अंधारात सरळ शिरला. मुलगी टाळ्या पिटत होती. व्हिडिओत मित्र म्हणाला, "पाईप तुझ्या बाबांचा बरं का."

"आय नो," ती म्हणाली.

तरी नद्यांचंच काम शिकायला ती त्याच्याच शहरात गेली. मी हो म्हणालो. विषय चांगला आहे, माणूसही चांगला आहे, आणि दोन्ही गोष्टी मला अजून खुपतात.