विठाबाईनं बसवलेली देवी

मे महिना लागला की विठाबाईची दुपारची झोप जायची. जेवणाचं ताट सारलं की डोक्यावर ओला पंचा टाकायचा, काठी घ्यायची आणि वस्तीमागची चढण चढून खाणीच्या कडेला जाऊन बसायचं. पासष्टीचे गुडघे. चढताना तीनदा थांबावं लागे, आणि तिसऱ्यांदा थांबली की ती स्वतःलाच म्हणे, "उद्यापासून नाही जमायचं." उद्या पुन्हा तेच.

खाण म्हणजे आता निळं पाणी. फरिदाबादच्या बाजूला अरवलीच्या डोंगरात तीस-चाळीस वर्षं दगड काढला, मग कोर्टाचा हुकूम आला, पंप बंद झाले आणि दोन-तीन वर्षांत खालून झरे वर चढले. कडे सुरीनं कापल्यासारखे सरळ, मधे साठ फूट पाणी. दिल्लीहून, गुरुग्रामहून पोरं गाड्या काढून यायची, फोटो काढायची, ऊन चढलं की पाण्यात उतरायची. विठाबाई वरून ओरडायची, "ओ भैय्या, बीच में मत जाना. बीच में खंभा है."

"अच्छा है ना अम्मा, थक गए तो खड़े हो जाएँगे."

तेच व्हायचं. मध्यभागी, पाण्याखाली दीड हातावर दगडाचा एक खांब होता. पोहत गेलेल्याच्या पायाला अचानक जमीन लागायची. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून तो हात हलवायचा. मग रबरी ट्यूबवर बसून आलेला, पोहता न येणारा मित्र ट्यूब सोडून खाली उतरायचा. खांबाचा माथा दोन खाटांएवढा. एक पाऊल इकडचं तिकडे झालं की संपलं. चार उन्हाळ्यांत सात माणसं गेली होती. विठाबाईला सातही जणांचे कपडे आठवत, कारण ते कडेवर तिच्याजवळच काढून ठेवलेले असायचे.

हा खांब तिथे कसा, ते सांगायला हवं. वडारांच्या खोदकामात मधे एक खांब न खणता सोडायची रीत आहे. त्याला मटाम म्हणतात. त्याच्या माथ्यावर मूळची जमीन, मूळचं गवत तसंच राहतं. मोजणीदार आला की माथ्यापासून टेप खाली सोडतो आणि किती खोल खणलं ते लिहून घेतो. मोजणी झाली की मटाम फोडून टाकायचा. हा एकच राहिला, कारण त्याच्यावर देवी होती. खाण खाली खाली गेली तसा हा उंच उंच होत गेला. खाण डोंगराच्या बेचक्यात, म्हणून कडे त्याच्या माथ्याहूनही उंच. देवीच्या खांबाला सुतकी, म्हणजे घण, कोण लावणार? वस्तीतले राजस्थानी, बिहारी, सगळे तिला खानवाली माता म्हणत. पाणी आल्यावर कडेला तिची छोटी देवळी बांधली. तिची पूजाअर्चा विठाबाईचा मुलगा वाल्मीक बघायचा. एरवी बॅटरीची रिक्षा चालवायचा, मंगळवारी मात्र सोवळ्यात. वस्तीत त्याचा शब्द चालत होता तो रिक्षामुळे नव्हे. त्याचा बाप खंडेराव याच्या स्वप्नात देवी आली होती आणि त्यानंच ती खांबावर बसवली होती, यामुळे.

गेल्या मेमध्ये सातवा गेला तो पानिपतचा होता. हातमागाच्या कारखान्यात कामाला, सव्वीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. पाणबुडे शोधत होते तोवर त्याची आई विठाबाईशेजारी दगडावर बसून राहिली. विठाबाईनं तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही, भांडं नुसतं हातात धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ये खंभा किसने छोड़ा, बहन?"

विठाबाई म्हणाली, "पुराना है."

एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिला घास गोड लागला नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी एक इंजिनीअर बाई वस्तीत आली. पायांत बूट, डोक्याला स्कार्फ, हातात फाईल. पत्ता विचारत विठाबाईच्या दाराशी आली आणि दारातच मराठीत म्हणाली, "आजी, आत येऊ का?"

विठाबाई चाळणीतले तांदूळ टाकून उठली. "कुठल्या गं तुम्ही?"

"वर्ध्याची. दीपमाला माझं नाव. इकडे नोकरीला आले त्याला सहा वर्षं झाली."

"म्हणजे जेवण घरचं नाही नीट. बसा. भाकरी टाकते."

दीपमाला बसली, भाकरीही खाल्ली, पण आली होती ती कामाला. तराफ्यावर यंत्र नेऊन खांबाचा वरचा वीस फूट भाग फोडायची मंजुरी आली होती. म्हणजे मग पाण्यात उभं राहायला जागाच राहणार नाही आणि कुणी फसणार नाही. पण वस्तीचा अर्ज आला होता, खाली दोनशे सह्या आणि अंगठे. देवीच्या खांबाला हात लावाल तर रस्त्यावर बसू. पहिली सही वाल्मीकची.

"वरचे साहेब म्हणतात, देवाधर्माचं प्रकरण आहे. गुरुवारी मी येणार, वस्तीनं समोर नाही म्हटलं की धोक्याच्या चार पाट्या लावायच्या आणि फाईल बंद." तिनं घाम पुसला. "आजी, मी खरं सांगते, आमच्या घरी देवी नाही, बुद्धवंदना असते. मला यातलं कळत नाही, आणि मी बोलले तर उलटंच होईल. देवी हलवायची झाली तर कुणाला विचारतात?"

"ज्यानं बसवली त्याला," विठाबाई म्हणाली. "त्याच्या हातानं अक्षता पडल्या की देव उठतो."

"म्हणजे तुमच्या मालकांनी. ते तर गेले."

विठाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला बोलायचं होतं.

त्रेचाळीस वर्षं ती हे गिळून होती. सोलापूरकडून अकरा जोडपी इथल्या ठेकेदारानं आणली होती. बाप्ये सुतकी मारायचे, बाया पाट्या वाहायच्या. चार महिने दगड फोडला आणि मोजणीदार उद्या येणार अशा दिवशी कुणीतरी कुजबुजलं की मुनीम मटामचा माथा छाटणार आहे. माथा दोन हात छाटला की खोली दोन हात कमी भरते, चार महिन्यांतल्या एका महिन्याची मजुरी हवेत. मुनीम जेवायला गेला तेवढ्यात विठाबाईनं ढिगातला एक दगड उचलला, पदरानं पुसला, तेलात शेंदूर कालवून लावला. खंडेरावानं दोराला धरून वर चढून तो माथ्यावर ठेवला. पण नुसत्या दगडाला कोण भिणार? मुनीम परत येताना दिसला तसे विठाबाईनं केस सोडले. ती घुमायला लागली. माझा खांब आहे, हात लावील त्याचं घर बुडवीन, असं काय काय बोलली. मुनीम हात जोडून मागे सरला. मोजणी नीट झाली. अकरा जोडप्यांचं पोट भरलं. खंडेरावाला रात्री देवीनं स्वप्नात सांगितलं होतं, ही गोष्ट नंतर आपोआप जुळत गेली आणि दोघांनी ती जुळू दिली.

आता यात पाप कुठवर आणि पुण्य कुठवर, हे विठाबाईला आजवर उलगडलं नव्हतं. कारण पुढं दोन वर्षांनी, दोन लेकरं पोटातच गेल्यावर, ती त्याच दगडापुढं जाऊन रडली होती. नवस बोलली होती. आणि वाल्मीक झाला होता.

मंगळवारी दुपारी वाल्मीक देवळीतून आला. उघड्या अंगानं पंख्याखाली बसला. त्याची मुलगी सलोनी कोपऱ्यात कॉलेजचं काहीतरी मोबाईलवर बघत होती. विठाबाईनं त्याच्यापुढं ताक ठेवलं.

"वाल्मीक, परवा त्या बाईला हो म्हण."

"आई, तू त्या विषयात पडू नको."

"मी पडलेलीच आहे. पहिल्यापासून." आणि तिनं सांगितलं. दगड, शेंदूर, सोडलेले केस, सगळं. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा कधी जमलं नसतं.

सलोनीनं मोबाईल खाली ठेवला. "यार आजी. मतलब तू ॲक्टिंग केलीस?"

"तू गप," वाल्मीक म्हणाला. ताकाचा पेला त्यानं हातात फिरवला. तोंड लाल झालं होतं. "बापूंना स्वप्न पडलं नव्हतं."

"नव्हतं."

"बापूंच्या नावानं मी चाळीस घरांचे नारळ फोडतो. लोक पोरांच्या कपाळाला माझ्या हातचा अंगारा लावतात." त्यानं पेला खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला लहानपणापासून सांगतेस, तुला देवीनं दिला. मग मला कुणी दिला?"

"तिनंच."

"कुठल्या तिनं? तू ढिगातून उचललेल्या दगडानं?"

"दगड मी आणला रे. ती मागनं आली. मी रडले तेव्हा तिथं कुणीतरी होतं, एवढं मला ठाऊक आहे." विठाबाईला दम लागला होता. "पण सात माणसं गेली, वाल्मीक. त्या पानिपतच्या बाईनं मला विचारलं, हा खांब कुणी सोडला. मी तोंडावर खोटं बोलले. ती जी कुणी आहे, तिला हे चालत असेल असं मला नाही वाटत."

"वस्तीत तोंड कसं दाखवू?"

"माझं दाखव. माझंच आहे."

तो उठला, शर्ट अडकवला, रिक्षा घेऊन निघून गेला. ताक तसंच राहिलं. बुधवारी दिवसभर तो आईशी बोलला नाही. जेवण वाढलं तर जेवला.

गुरुवारी कडेवर शंभरेक माणसं जमली. दीपमाला दोन पाणबुडे आणि तराफा घेऊन आली होती, बरोबर दोन पोलीस, तेही सावलीत उभे. सगळ्यांनी वाल्मीककडं पाहिलं. त्याच्या हातात अर्जाची प्रत होती. त्यानं ती उघडली, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवली. "मी काही बोलणार नाही," तो हिंदीत म्हणाला. "आई बोलेल."

विठाबाई काठी टेकून उभी राहिली. मोडक्या हिंदीत तिनं तेच सांगितलं, आणखी थोडक्यात. शेवटी म्हणाली, "मैंने बिठाया. मैं उठाती हूँ. किसी को पाप लगेगा तो मुझे."

शेजारची राजस्थानी म्हातारी पुढं आली. जन्मभर दोघींनी एका पाटीला दोन बाजूंनी हात दिलेला. "चालीस साल हमसे पत्थर पुजवाया, विठा?"

"मैंने भी पूजा, बहन. सबसे ज्यादा मैंने."

म्हातारी वळली आणि घराकडं चालू लागली. तिच्यामागं बरेच गेले. कुणी रस्त्यावर बसलं नाही. मागं राहिलेल्यांतला एकजण मोठ्यानं म्हणाला, "ड्रामा अच्छा था अम्मा, सीरियल में जाना था." दोघं-तिघं हसले. विठाबाईला त्याचंही काही वाटलं नाही. तिला फक्त बसावंसं वाटत होतं.

तराफ्यावर चढताना तिला केशरी जाकीट घातलं. सलोनी सोबत निघाली, आजीचा हात धरून. "आजी, एकदम डिलिव्हरीवाली दिसतेस."

"अक्षता घेतल्यास का?"

"वो चावल ना? घेतल्या."

दीपमाला बूट काढून तराफ्याच्या कडेला बसली. तिनं हात जोडले नाहीत, पण डोक्यावरचा स्कार्फ काढून मांडीवर ठेवला. विठाबाईनं पाण्यात हात घातला. दीड हात खाली माथा होता, हात पुरला नाही. तिनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. तांदूळ पाण्यात वळत वळत खाली गेले. काय म्हणावं ते तिला आठवेना. पाठ असलेलं सगळं पुसलं होतं. "चल बाई," ती म्हणाली. "पुष्कळ झालं. दमलीस तूही."

पाणबुड्या खाली गेला आणि वर आला. "अम्मा, ऊपर चार-पाँच पत्थर पड़े हैं. कौन सा?"

शेंदूर केव्हाच धुऊन गेला होता. सांगणार काय? "जो हाथ में आए," विठाबाई म्हणाली. त्यानं एक आणून दिला. हिरवट, गुळगुळीत, तांब्याएवढा. तिनं तो पदरात घेतला, पुसला, आणि तीच आहे असं मानून कडेपर्यंत मांडीवर धरून बसली. वाल्मीक कडेला उभा होता. त्यानं आईला हाताला धरून वर घेतलं, दगडाकडं पाहिलं नाही.

पुढल्या आठवड्यात यंत्र आलं. दिवसभर दगडावर घणाचा आवाज. वस्तीतल्या बाया नळावर विठाबाई आली की बोलणं थांबवायच्या. देवळीत मंगळवारी तीन नारळ आले, एरवी चाळीस यायचे. वाल्मीकनं ते तिन्ही फोडले. पदरातला दगड विठाबाईनं देवळीच्या पायरीपाशी ठेवला होता. तो कुणी आत नेला ते तिनं विचारलं नाही.

यंत्र गेलं त्या दुपारी वाल्मीक लवकर घरी आला. विठाबाई चटईवर आडवी होती. झोप आली नव्हती, नुसते डोळे मिटलेले. तो तिच्याजवळ भिंतीला टेकून बसला. पंखा खडखडत होता. मग त्यानं विचारलं, "तू घुमत होतीस तेव्हा बापू कुठं होते?"

"खांबावर. दोराला लटकलेले."

"काही बोलले?"

विठाबाईनं डोळे न उघडताच सांगितलं, "म्हणाले, जरा बेतानं घूम, मला आधी खाली उतरू दे."

वाल्मीकनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, ते तिनं उठून बघितलं नाही.