मोंजियाची रांग

लोकशाही शिकवायच्या बदल्यात परदेशी संस्थेनं मोंजियाला मोटार दिली, असं आमच्या आळीत म्हणतात. साफ खोटं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती थाप मीच मारली. तिला मिळालं ते ट्यूनिसच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर, एक पेन आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. ते तिनं भट्टीच्या वर टांगलंय. समोरच्या माझ्या सलूनच्या आरशात ते दिवसभर दिसतं. उलटं, पण दिसतं!

पंचवीस वर्षं मी, तिजानी न्हावी, या गावाच्या दाढ्या करतोय, सगळ्यांची गुपितं पोटात ठेवतोय (बरीचशी). आणि मान कुणाला? मातीच्या भट्टीत पाव भाजणाऱ्या बाईला! तिच्याकडे रांग मोडायची कुणाची छाती नाही. क्रांतीआधी, जुन्या राजवटीत एकदा पोलिसांचा साहेब पुढं घुसला. ही म्हणाली, "साहेब, पाव तापलाय, हात भाजेल. मागं या." आणि तो गेला की हो!

२०१८ साली नगरपालिकेची निवडणूक आली. आळीनं आपली अपक्ष यादी काढायची ठरवलं. यादीत बाई, पुरुष, बाई, पुरुष असं आळीपाळीनं लावायचं, हा नियम; सुरुवात कुणापासूनही. पहिलं नाव माझंच, असं मी धरून चाललो होतो.

"धरून कशाला चालायचं?" मोंजिया म्हणाली. "मतं घेऊ."

ऑलिव्हची रिकामी बरणी धुऊन तिनं चौकात ठेवली. काचेची, आतलं सगळ्यांना दिसावं म्हणून.

आठवडाभर मी सोळा हनुवट्या फुकट घासल्या. चिठ्ठ्या मोजल्या तर मोंजिया सव्वीस, मी चार.

घरी येऊन बायकोला विचारलं, "बेय्या, तू कुणाला दिलंस?"

"मत गुप्त असतं," ती कांदा चिरत म्हणाली. "मोंजियानं शिकवलंय."

सकाळी फणफणतच भट्टीवर गेलो, सरळ सगळ्यांच्या पुढं. म्हटलं, "त्या बरणीत काहीतरी गडबड आहे. परत मतं घ्या!"

मोंजियानं भट्टीतून डोकंही वर काढलं नाही.

"तिजानीराव, पाच वर्षांनी घेऊ. यादीत तुम्ही माझ्या मागं दुसरे आहात, पण इथं आठवे. मागं व्हा."