ईदचा खारा मासा

आमच्या चौकात नगरपालिकेने ते मडकं बसवलं तेव्हा मी आठवडाभर हसत होतो. माझं कॉफीचं दुकान त्याच्या बरोबर समोर, त्यामुळे हसायला दुसरीकडे जावं लागलं नाही. ऑक्टोपस धरायची मातीची मडकी आमच्या किनाऱ्यावर घरोघरी पडलेली असतात. दोरीला बांधून ती तळाशी सोडायची. ऑक्टोपस घर समजून आत शिरतो आणि वर ओढला तरी बाहेर पडत नाही. तसलंच हे मडकं, पण सिमेंटचं, आडवं पाडूनही माणसापेक्षा उंच, तोंड समुद्राकडे. "एवढ्या मोठ्या मडक्यात धरणार काय?" मी गिऱ्हाइकांना विचारत होतो. मब्रूका रस्त्याने चालली होती. न थांबता म्हणाली, "तुझी जीभ, फरजानी."

मब्रूका आणि मी एका गल्लीत वाढलो. बाई तोंडाची तिखट, पण हाताला अशी चव की तिला सगळं माफ. रमजान ईदच्या सकाळी आम्ही खारवलेला मासा खातो, सोबत कांदा आणि मनुका मंद आचेवर शिजवून केलेला चर्मूला. मब्रूकाच्या मासा घातलेल्या चर्मूल्याची वाटी दारात आल्याशिवाय गल्लीत ईद सुरू व्हायची नाही. वाटी देता देता ती माझ्या बायकोला म्हणायची, "शिकून घे गं, याला किती दिवस उपाशी ठेवशील?" आणि त्याचं उट्टं बायको दिवसभर माझ्यावर काढायची. वाट्या पोचवायचं काम तिच्या एकुलत्या एका मुलाचं, वजदीचं. अर्ध्या मनुका तो वाटेतच खायचा.

मग एक नाव गेली. गावातली पोरं तिच्यात बसून चोरून इटलीला निघाली, वजदीही निघाला. कोणी पोचलं नाही. एकही देह किनाऱ्याला लागला नाही. बंदराचं फाटक बंद केलं होतं, म्हणून त्या पोरांच्या आया चौकात येऊन बसल्या. तिथून समुद्र दिसतो आणि सावली म्हणाल तर फक्त मडक्याची.

आमच्याकडे कबरीवर एक खळगा ठेवतात. शुक्रवारी येणारा त्यात पाणी ओततो, पाखरं पितात, पुण्य मेलेल्याला लागतं. या पोरांना कबरीच नव्हत्या. तेव्हा मडकं ज्यावर बसवलंय त्या सिमेंटच्या ओट्यावर बापांनी छिन्नीने खळगे पाडले, ज्याने त्याने आपल्या पोरासाठी एक. त्यानंतर मडक्याला कोणी हसलं नाही. मीही नाही.

मब्रूकाचा नवरा लझार मासेमार. त्यानेही एक खळगा पाडला. मब्रूकाने तो वाळूने भरून टाकला. वाऱ्याने वाळू उडाली की पुन्हा भरायची.

"पाणी मेलेल्यांना लागतं," ती म्हणायची. "माझा वजदी तिकडे इटलीत तुरुंगात आहे."

कोणाच्या तरी मेहुण्याने टीव्हीवर कैद्यांमध्ये वजदीसारखा कोणीतरी पाहिला होता. आधार तेवढाच.

गावाने मासा सोडला. कोणी ठरवलं नव्हतं, शपथ घेतली नव्हती, पण घास घशाखाली उतरेना. समुद्रातल्या पोरांचं काय झालं असेल, हे मासेमारांच्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. आमचे मासे गाड्यांत भरून स्फॅक्सच्या बाजारात जायचे आणि आम्ही चणे उकडून खायचो. मब्रूका तेवढी दर शुक्रवारी मासा घ्यायची आणि शेपटीला धरून, उघडा, त्या बायांच्या समोरून घरी न्यायची. लझारने तिच्याशी बोलणं टाकलं. तो आपला वेगळा बसून अंडं तळून खायचा.

"अगं, निदान पिशवीत घालून ने," मी एकदा म्हटलं.

"का? चोरी केलीय का मी? माझा मुलगा समुद्रात नाही. मी मासा खाणार."

मला तिचा संताप यायचा. समोर बसलेल्यांच्या जखमेवर दर शुक्रवारी मीठ कशाला चोळायचं? पण एक मला समजत होतं. हिच्या घशाखाली मासा उतरतोय तोवर वजदी जिवंत आहे. ज्या दिवशी उतरणार नाही, त्या दिवशी तिचा मुलगा गेला.

ईदच्या वाट्या मात्र चालूच राहिल्या. आता ती स्वतः आणून द्यायची. लोक हसून घ्यायचे आणि तिची पाठ वळली की मांजरांपुढे ठेवायचे. चौकातली मांजरं गलेलठ्ठ झाली.

या ईदला नमाज आटोपून बाया पाखरांसाठी पाणी आणि गहू घेऊन मडक्यापाशी जमल्या. मब्रूकाही आली, हातात मासा-चर्मूल्याचं पातेलं. मडक्यामागे एक मांजर वाटी चाटत होतं. वाटी तिचीच होती, सकाळी नझीहाला दिलेली. नझीहाचा मुलगा वजदीचा जिवाभावाचा दोस्त, त्याच नावेत गेलेला.

"नझीहा, माझी वाटी मांजराला?"

"मग काय करू, मब्रूका? ईदचा दिवस आहे, बस खाली."

"माझ्या हाताला काय विष लागलंय? खा. माझ्यासमोर खा."

नझीहा मवाळ बाई. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. "तू खा ना," ती म्हणाली. "तू दर शुक्रवारी खातेस म्हणे. आम्ही कोणी पाहिलं नाही. आज आमच्यासमोर खा."

मी दुकानातून बाहेर आलो होतो. लझार ओट्याच्या कडेला उभा होता. मब्रूकाने पातेल्यातून माशाचा एक तुकडा उचलला, चर्मूल्यात बुडवला आणि तोंडात टाकला. चावत राहिली. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो. इतका वेळ एक घास कोणी चावत नाही. शेवटी तिने तो तळहातावर काढला आणि बघत राहिली.

"पहिल्या दिवसापासून नाही उतरला गं," ती म्हणाली.

म्हणजे एवढे शुक्रवार ती शेपटीला धरून न्यायची ते मासेही मांजरांनीच खाल्ले होते. लझार पुढे झाला आणि त्याने तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

ती गुडघ्यांवर बसली आणि आपल्या खळग्यातली वाळू बोटांनी उकरायला लागली.

"फरजानी, पाणी आण."

मी कॉफीबरोबर देतो तो पेला भरून आणला. तिने ओतला. तळाशी राहिलेल्या वाळूने सगळं पिऊन टाकलं.

"आणखी आण," ती म्हणाली.