आईच्या गळ्यावरची लाल रेघ

सरांनी माझ्या आईच्या गळ्यावरून लाल मार्कर ओढला. मार्कर इतका दाबून धरला होता की कागद फाटला.

"बघणाऱ्याच्या डोळ्याची रेघ ही इथे. बाईचं डोकं हिच्या खाली पाहिजे. कामवालीला लो अँगल देतात का, असं खालून वर बघत? लो अँगल हिरोला असतो. पब्लिक हसेल ना!"

पब्लिक हसलंच. अंधेरीतला ॲनिमेशनचा वर्ग, सगळे माझ्याच वयाचे.

घरातलं एक माणूस काढून आणा, पर्स्पेक्टिव्हसकट, म्हणजे कुठून बघितलं ते कळेल असं, हा गृहपाठ होता. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. आमची गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या, त्याही वेड्यावाकड्या. आई खालच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करते. मी खालच्या पायरीवर बसले होते आणि ती वर दारात कळशी घेऊन उभी होती. आधी तिच्या टाचा दिसल्या, मग गुडघे, आणि पार वर तोंड. जसं दिसलं तसं काढलं. त्या पायऱ्या जमेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला होता.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वर्गाच्या मधोमध जागा करायला लावली आणि कोपऱ्यातलं फडकं माझ्यासमोर टाकलं.

"बस खाली. लादी पुसतेस तशी. सगळ्यांनी उभं राहून काढा हिला. आता कळेल नोकराचं कॅरेक्टर कुठून बघायचं ते."

मी बसले. चहूबाजूंनी पेन्सिली चालू लागल्या. एकाने मोबाइल काढला. माझा जीव नुसता जळत होता.

मी वर बघितलं. सरांनी माझ्या मानेवर पंजा ठेवला आणि दाबला. हनुवटी छातीला टेकली.

"मान खाली. तुमच्यात हे शिकवावं लागत नाही."

तुमच्यात. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा सावकाश. आम्ही कोण, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

माझं डोकं सटकलं. मी त्यांचा हात मानेवरून ओढला आणि मनगटाला चावले. कचकचून. तोंडात रक्ताची खारट चव आली तरी सोडलं नाही. ते ओरडले, दुसऱ्या हाताने कानफटात मारली. माझा ओठ फुटला. मी उठले आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते स्टुलासकट आडवे झाले. आता मी उभी होते आणि ते खाली होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"परत हात लावलास तर हात तोडीन तुझा."

सरांना मी पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. फाटलेलं चित्र बोर्डावरून काढलं आणि निघाले.

वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी दारातच अडवलं. "सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. फिल्मबिल्म करायचं विसर."

"त्याने माझी मान दाबली."

"अगं, ते शिकवत होते."

घरी आईने माझा ओठ बघितला, सगळं ऐकून घेतलं. घाबरली. "माफी मागून ये, माय. शिकणं सुटायला नगं."

मी चित्र तिच्यापुढे पसरलं. तिने ओले हात पदराला पुसले, वाकून बघितलं. फाटलेल्या जागी बोट ठेवलं.

"ह्यो माझा गळा कुणी चिरला?"

मी सांगितलं. माफीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मी माफी मागितली नाही. वर्ग कायमचा सुटला. आता मोबाइलवर शिकते, डोंगरावर बसून रोज पायऱ्या काढते. फिल्म मी करणारच. ती त्या फाटक्या चित्रापासूनच सुरू होईल. पहिल्या चित्रात लाल रेघ आईच्या गळ्याशी. मग आई एकेक पायरी चढेल आणि रेघ खाली येत जाईल. छातीशी. गुडघ्याशी. टाचेखाली. आई तिच्यावर पाय देऊन उभी राहील. तो माणूसही फिल्म बघायला येईल कधीतरी, तेव्हा त्याला मान वर करावी लागेल. दुखली तर दुखू दे.