कुणाचं पाणी ओतायचं?

आमची चौघींची मैत्री एका स्कूल व्हॅनने जुळवली. ती व्हॅन भाईंदरच्या जेसल पार्कमधली एक बाई चालवायची, अजूनही चालवते. मुलं तिला काकी म्हणायची म्हणून आम्हीही काकीच म्हणतो, ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान असली तरी. व्हॅनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. "सिग्नलला आलेय, खाली या" असे मेसेज यायचे आणि त्याखाली आम्ही आया डब्यातल्या भाजीपासून सासूपर्यंत सगळं बोलायला लागलो. मुलं कॉलेजात गेली, आता आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ग्रुप मात्र राहिला. त्यात काकी, नया नगरची आपा, सिल्व्हर पार्कची मी, आणि सासर भाईंदरला असलं तरी माहेर उत्तनच्या कोळीवाड्यातलं म्हणून जिला आम्ही अजून उत्तनवालीच म्हणतो ती.

दिवाळीनंतर काकीने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. उंच व्हॅन, आत पलंग, गॅस, बेसिन, बाहेर सावलीला ओढायचं कापड. खाली लिहिलं होतं, "इतकी वर्षं तुमच्या पोरांना फिरवलं, आता तुम्हाला फिरवते. ही भाड्याने मिळतेय. जव्हार, दोन दिवस. नाही म्हणेल तिला ग्रुपमधून काढून टाकेन." अशा प्रेमळ आमंत्रणाला कोण नाही म्हणणार?

मी हो म्हटलं त्याला आणखी एक कारण होतं. एकोणीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करतेय. दुसऱ्यांची साखर, दुसऱ्यांचं हिमोग्लोबिन. चुकलं तर माझं, बरोबर असेल तर खाली डॉक्टरांची सही. गेलं वर्षभर मात्र मी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे, कात्री आणि स्केचपेन घेऊन बसत होते. मी एक खेळ बनवत होते. पटावर खेळायचा, चौघांनी, नाव 'पाणी आलं'. प्रत्येकाचा एक फ्लॅट, त्यात बादल्या आणि एक पिंप. फासा टाकायचा, जितके ठिपके तितक्या बादल्या भरायच्या. मध्येच मोटर बिघडते, टँकर येतो, न सांगता पाहुणे येतात. ज्याचं पिंप आधी भरेल तो जिंकला. नवरा म्हणाला, "घरात लुडो आहे की." त्याला तीन दिवस दुधी खावा लागला.

मी मनाशी ठरवलं होतं की खेळ या तिघींबरोबर खेळून बघायचा. जमला असेल तर नीट छापून घ्यायचा, पुढे न्यायचा. नसेल तर पुठ्ठे रद्दीत आणि विषय बंद. पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतःची समजूत घालत बसायला मला वेळ नव्हता. कुणीतरी मला खरं सांगायला हवं होतं, बस.

आणि खरं सांगण्याच्या बाबतीत या तिघी अगदी कुचकामी. काकीचा जन्म रडकी मुलं गप्प करण्यात गेलाय, ती कुणालाही "हो हो, छान छान" म्हणते. उत्तनवाली बँकेत काउंटरवर असते, दिवसभर लोकांशी भांडून येते आणि मैत्रिणींशी भांडायला तिच्यात जोर उरत नाही. आपाचं तर विचारूच नका. तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने पोत्याचं कापड आणलं तरी ती म्हणेल, "अगं, काय सूट होतंय तुला!" चौदा वर्षांत मी तिच्या तोंडून कशालाही वाईट म्हटलेलं ऐकलं नव्हतं.

निघालो सकाळी. काकीने गाडी सुरू करण्याआधी मागे वळून आमची डोकी मोजली. "सवय आहे ग," म्हणाली. वरसावेच्या पुढे आपाने खिडकीबाहेर हात काढला तर "हात आत!" असा आवाज आला की आपाने खरंच दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आता पाण्याचं सांगते. व्हॅनच्या मालकाने टाकी भरून दिली होती, तरी काकीने घरून वीस लिटरचे दोन कॅन आणले होते. मी स्टीलची कळशी आणली होती. उत्तनवालीने झाकणाचा मोठा टब आणला होता, ज्यात एरवी सुकट असायची. मीरा-भाईंदरला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे आमच्याकडे नळ दिसला की माणसाचे हात रिकामे राहत नाहीत, त्यात आमचा दोष नाही. पेट्रोल पंपावर नळ दिसला, आम्ही भरून घेतलं. मनोरच्या ढाब्यावर दिसला, तिथे बाटल्या, पातेली आणि प्रेशर कुकर भरला. विक्रमगडला रस्त्याच्या कडेला एक नळ कुणासाठीच नाही असा धो धो वाहत होता. ते बघून आम्ही एक शब्द न बोलता उतरलो. भांडी संपली तेव्हा काकीने समोरच्या बाजारातून आणखी सहा कॅन विकत आणले.

मधे मनोरला जेवणं झाल्यावर मी पट काढला होता. सहज काढल्यासारखं दाखवलं. वीस मिनिटं खेळलो. तिघी शहाण्या मुलींसारख्या फासा टाकत होत्या, बादल्या भरत होत्या. उत्तनवाली जिंकली आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

"छान आहे ग," काकी म्हणाली.

"टाइमपास चांगला होतो," उत्तनवाली म्हणाली.

"मस्त है यार, एकदम मस्त!" आपा म्हणाली. "तू तो आर्टिस्ट निकली."

मी हवेत. कुकर उचलला आणि नळावर गेले. परत आले तर व्हॅनमधून हसण्याचे, ओरडण्याचे आवाज. दार उघडलं तर तिघी एकदम चूप. आपा जरा उंच बसल्यासारखी वाटत होती. तिच्या मांडीखालून इस्पिकची राणी डोकावत होती. माझी पाठ वळताच तिघी बदाम सात खेळायला बसल्या होत्या.

मी कुकर खाली ठेवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते. राग खेळ न आवडल्याचा नव्हता. या बायका मला लहान मुलीसारखं समजावत होत्या, त्याचा होता. काकी गाडी चालवताना दोनदा म्हणाली, "अगं, तू येईपर्यंत म्हणून..." मी म्हटलं, "समोर बघ."

जव्हारच्या अलीकडे काकीच्या ओळखीच्यांची वाडी होती, तिथे गाडी लावायची होती. वाडीकडे जाणारी वाट कच्ची आणि सरळ उभी. अर्ध्यावर गाडीने मान टाकली. क्लच जळल्याचा वास आला. काकीने गाडी कशीबशी मागे घेऊन पायथ्याला उभी केली. आम्ही तिघी उतरलो. आमची वजनं बघता मला वाटलं, प्रश्न सुटला. तरी गाडी चढेना.

काकी खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि आतल्या कॅनकडे बघत राहिली. "पाणी कमी करावं लागेल," ती म्हणाली. "निम्मं तरी ओता."

ओता? मीरा-भाईंदरमध्ये वाढलेल्या संसारी बाईला पाणी ओत म्हणणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत.

"तुझी कळशी ओत आधी," उत्तनवाली मला म्हणाली.

"माझी का? तुझ्या टबाला सुकटीचा वास येतोय. ते पाणी पिणार कोण?"

"मी पीन." रागावली की ती थेट माहेरी पोचते. "माजा पानी हाय. मी न्हाय ओतनार."

"सबसे जास्त कॅन काकीचे आहेत," आपा गोड आवाजात म्हणाली. "लॉजिकली तिचं आधी जायला पाहिजे."

"मी ड्रायव्हर आहे! ड्रायव्हरचं पाणी ओततात का कुठे?"

"कॅन इथेच ठेवून जाऊ," मी म्हटलं.

"उघड्यावर?" तिघी एका सुरात ओरडल्या.

मग आपाने मला बाजूला घेतलं. "हे बघ, तू आणि मी मिळून काकीचं नाव घेऊ. तुझ्या कळशीला मी हात लावू देणार नाही." मी मान हलवली. दोन मिनिटांनी बघते तर तीच आपा उत्तनवालीच्या कानात कुजबुजतेय आणि दोघी माझ्या कळशीकडे बघतायत. मी अशी तापले म्हणता! "आपा, मी बघितलं हां!" म्हणून ओरडले. उत्तनवाली काकीवर ओरडत होती, काकी सगळ्यांवर. अर्धा तास आम्ही त्या पायथ्याशी भांडलो. चौदा वर्षांत इतक्या मनापासून आम्ही कधी भांडलो नव्हतो.

आणि ओरडता ओरडता मी थांबले. कारण माझ्या लक्षात आलं की माझा खेळ उलटा होता. मी वर्षभर पाणी भरण्याचा खेळ बनवत बसले होते. भरताना कोण कुणाशी भांडणार? ज्याची त्याची बादली, ज्याचं त्याचं नशीब. खरी मजा ओतण्यात होती. कुणाचं ओतायचं, ते कुणी ठरवायचं, त्यासाठी कुणी कुणाला काय कबूल करायचं.

शेजारी मोगऱ्याचं शेत होतं. तिथली म्हातारी बराच वेळ आमचा तमाशा बघत होती. शेवटी ती म्हणाली, "माझ्या मोगऱ्याला ओता की. भांडता कशाला?" झाडांना द्यायचं म्हटल्यावर कुणाचंच गेल्यासारखं वाटेना. चौघींनी आपापलं ओतलं, आणि कबूल करते, कळशी रिकामी करताना मला बरं वाटलं. गाडी चढली. वर वाडीच्या दारातच नळ होता, पाण्याला असा जोर की कळशी दोन मिनिटांत भरली. आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

त्या संध्याकाळी बाकीच्या तिघी चहा पीत असताना मी पट पालथा घालून मागच्या बाजूला नवा आखला. चौघींची पिंपं आता एकाच गच्चीवर. गच्चीला ठरावीकच वजन झेपतं. त्याच्यावर गेलं की सोसायटीची मीटिंग. बोला, पटवा, वचनं द्या, हवी तेवढी मोडा. मग मतदान, आणि जिच्या विरुद्ध मतं जास्त, तिचं पिंप रिकामं.

सकाळी मी तो पट तिघींसमोर ठेवला आणि म्हटलं, "एकदाच खेळा. आणि आवडलं नाही तर पत्ते काढा, मी पण खेळेन."

पहिल्या मीटिंगला काकी लाजत बोलली. दुसऱ्या मीटिंगला उत्तनवाली उभी राहून बोलली. तिसरीला चहा उकळून गॅसवर सांडला तरी कुणी उठलं नाही. आपा सगळ्यात पुढे होती. गोड बोलून तिने आम्हा तिघींना आळीपाळीने वाचवलं होतं आणि तिघींकडून वचन घेतलं होतं. तिचं पिंप भरायला एक बादली कमी होती. मीटिंग लागली. काकीने आपाविरुद्ध मत दिलं. उत्तनवालीने आपाविरुद्ध मत दिलं. आपा माझ्याकडे वळली, हसली, म्हणाली, "तू तो मेरी है."

मीही आपाविरुद्ध मत दिलं.

तिने आपल्या पिंपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "ये धोका है," ती म्हणाली. "मी ट्रस्ट केला होता तुझ्यावर." आणि उठून व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली, दार लावून घेतलं.

आधी आम्ही हसलो. मग जेवायलाही ती गप्पच होती, तेव्हा हसू आटलं. परतीच्या वाटेवर काकीने डोकी मोजली तेव्हा आपाने मोजायचं काय ते मोज अशा चेहऱ्याने मान पुढे केली. नया नगरला उतरताना काकीला "शुक्रिया" म्हणाली, उत्तनवालीला हात केला, माझ्याकडे बघितलंही नाही. पुठ्ठ्याच्या एका पिंपापायी मी चौदा वर्षांची मैत्रीण घालवली होती. दोन दिवस लॅबमध्ये टाइप करताना माझं लक्ष नव्हतं. खेळ जमला होता, ते मला कळत होतं. आपापेक्षा तो मोठा नव्हता, तेही कळत होतं. तिला मेसेज लिहायचे आणि पुसायचे, असं चाललं होतं. शेवटी ग्रुपवर एवढंच टाकलं, "रविवारी चार वाजता माझ्याकडे. फक्त चहा."

रविवारी साडेतीनलाच बेल वाजली. दारात आपा, आणि तिच्या मागे एक अनोळखी बाई.

"ही माझी ननंद," आपा चपला काढत म्हणाली. "ये मेरी तरफ से वोट करेगी. बोर्ड काढ."

मी पट आणून टेबलावर मांडला. आपाने चष्मा लावला, पट उचलून उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कलर कोणी सिलेक्ट केला? एकदम भिकार दिसतोय," ती म्हणाली. "आणि मीटिंगचा रूल पण चुकलाय. तिघींनी ठरवलं की चौथी मेलीच. ते बदल आधी, मग छाप."

मी तिला मिठी मारली. "सोड, सोड," ती म्हणाली, "वोट तरी तुझ्याविरुद्धच देणार."