पत्र्यावर न फेकलेला दात

पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर फेकायचा, म्हणजे नवा लवकर येतो, ही आमच्याकडची रीत. माझ्या लेकीनं वरचा पुढचा दात शाळेतच खिडकीबाहेर टाकला. दोन वर्षं झाली तरी नवा आला नाही आणि सासूबाईंनी खापर फोडलं माझ्यावर: पोरीला एवढंही शिकवलं नाही. मीही तोंडाची फटकळ. आमचं रोज वाजायचं. नऊ वर्षांची पोर मात्र तोंडावर हात धरून बोलायला लागली होती. वर्गात उठून वाचायचंही तिनं सोडलं, तेव्हा माझं भांडण थंडावलं आणि मी तिला केजच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी साधा एक्स-रे काढला. हिरडीत दोन दात एकावर एक दिसत होते. एक तिचा, एक जादाचा. जादाचा काढायलाच हवा, पण तो पुढं आहे की मागं हे यात कळत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. चुकीच्या बाजूनं गेलं तर तिच्या कायमच्या दाताला धक्का लागला असता. मला कळत नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी थ्रीडी स्कॅनसाठी बीडला पाठवलं.

सासूबाईही हट्टानं जीपमध्ये बसल्या. पोर हनुवटी टेकवून उभी राहिली, यंत्र तिच्या डोक्याभोवती फिरलं, झालं. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिचा जबडा चहूबाजूंनी फिरवून दाखवला. टाळूच्या बाजूला हरभऱ्याएवढा टोकदार दात तिच्या दाताची वाट अडवून बसला होता. दात घडतानाच हा जास्तीचा तयार झालाय, यात कुणाची चूक नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर सासूबाई हळूच बोलल्या, "मी उगं बोलले तुला. लई बोलले."

मी त्यांचा हात धरून त्यांना जीपमध्ये चढवलं.

केजच्या डॉक्टरांनी टाळूकडून तो अलगद काढला आणि कागदात गुंडाळून दिला. घरी येताच लेक शेण आणायला निघाली. एवढं ऐकून रीत तिला पाठ झाली होती. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"ह्यो नगं फेकूस. परत आला म्हंजी?"

काही महिन्यांनी एका सकाळी लेकीनं आजीचं बोट धरून स्वतःच्या हिरडीवर ठेवलं. दाताची कड लागली. सासूबाईंचे डोळे भरले, माझेही. त्या डॉक्टरांनी अंदाजानं हात घातला असता तर, हा विचार आजही मनात येतो आणि मी त्यांना मनोमन हात जोडते. त्या सकाळी पोरीनं आम्हा दोघींना अख्खा धडा वाचून दाखवला, पुस्तक दोन्ही हातांत धरून.