अंडेवाल्या बाई

वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं, आमच्या अंडेवाल्या बाई. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. आम्ही घामाने निथळत असायचो आणि बाई म्हणायच्या, "वाऱ्यानं थेंब वाळते. तुम्ही घरी जाऊन पाणी प्याल, त्यातला जीव कुठं जाईल?"

थेंबात जलअस्वलाचं अंडं असायचं. जलअस्वल म्हणजे शेवाळात राहणारा, सूक्ष्मदर्शकातूनच दिसणारा आठ पायांचा जीव. सिंदी गावी भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी बाई विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळच खरवडत होत्या.

"काही जाती टाकलेल्या कातीतच अंडी ठेवतात, ती गुळगुळीत. काही उघड्यावर टाकतात, त्यांना काटे. आईच्या कातीचा आसरा सुटला म्हणून काटे आले, की काटे आधीचेच?" हा प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. पण काटेरी अंडं नेमकं कोणत्या जातीचं, हे पिल्लू निघाल्याशिवाय पक्कं कळत नाही, आणि तसं अंडं फुटताना बाईंनी कधीच पाहिलं नव्हतं.

निवृत्तीच्या महिन्यात वडनेरच्या शेवाळात एक काटेरी अंडं सापडलं. आत पिल्लू हलत होतं. बाई जेवायलाही उठेनात. प्राचार्यांनी बोलावलं म्हणून नाइलाजाने गेल्या, मीही सोबत होतो. तेवढ्यात शिपाई वासुदेवभाऊंनी, परत आल्यावर बाईंना जरा गार वाटावं म्हणून, कूलर टेबलाकडे फिरवून सुरू केला.

आम्ही आलो तेव्हा थेंब वाळला होता. सावकाश वाळलं तर अंडं तगतं, झपाट्याने वाळलं की बहुधा संपलंच.  बाईंनी थेंबभर पाणी सोडून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वासुदेवभाऊ दाराबाहेर बसले होते. "माह्या हातानं जीव गेला जी," एवढंच म्हणत होते. 

संध्याकाळ होत आली तशा बाई एकदम ताठ झाल्या. "हललं! चीर जाऊन राह्यली!" आणि चक्क खुर्चीवरून उठल्या. "भाऊ, लवकर या. पहिले तुम्ही पाहा. नाई गेला जीव."

"बाई, तुम्ही पाहा न!" मी ओरडलो. त्यांनी मला हातानेच गप्प केलं. भाऊंना एक डोळा मिटणं जमेना, मग एकदम जमलं. "निंगालं न बाई! पाय हालवून राह्यलं!"

बाई वाकल्या तेव्हा रिकामं कवच आणि शेजारी पिल्लू होतं. अंडं कोणाचं ते कळलं, पण ज्या क्षणासाठी डोळे शिणवले तो त्यांना दिसला नाही. पुन्हा तसं अंडं सापडलंही नाही. मला त्या दिवशी बाईंचा फार राग आला होता.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत वासुदेवभाऊ बोलायला उभे राहिले, "बाईनं मले पहिले दाखवलं," म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं. भाऊंनी सगळं सांगून टाकलं होतं, मी उठलोच नाही.